काटा, करदोटा आणि पहाटेचा रस्ता

दिवाळी सरली आणि थंडीला जोर चढू लागला की धाराशिवच्या रस्त्यांवर पहाटे एक नवीच वस्ती उतरते. कानटोपी, मफलर, मुलाने पुण्याहून पाठवलेले पांढरेशुभ्र बूट, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेली एकच आज्ञा : रोज चाला. कुणी क्रीडा संकुलाच्या मैदानाला फेऱ्या घालते, कुणी हातलाईच्या टेकडीची वाट धरते. उमरगा, कळंब, परंडा, भूम येथेही थोड्याफार फरकाने हेच दृश्य दिसते. संक्रांतीपर्यंत ही गर्दी टिकते. महाशिवरात्रीच्या सुमाराला पाहावे तर निम्मी मंडळी गळालेली असतात. का म्हणून विचारले तर थंडी गेली, लगीनसराई आली, गुडघा धरला, अशी उत्तरे मिळतात. जरा खोदून विचारले की खरे कारण हळूच, काहीशा लाजेने बाहेर पडते. ‘अहो, पंधरा दिवस नेमाने चाललो, आणि वजन दीड किलोने वाढले. मग कशाला करायचा हा उपद्व्याप?’

ही तक्रार इतक्या लोकांकडून ऐकली आहे की ती हसण्यावारी नेणे मला पटत नाही. घरोघर मात्र तसेच होते. ‘गुपचूप काहीतरी खात असाल’ असे घरचे म्हणतात, डॉक्टरही मिश्कील हसतात. बँकेत रोकड कमी भरली की पहिला संशय कॅशियरवर जातो आणि बेरीज मागाहून तपासली जाते, त्यातलाच हा प्रकार. चालणाऱ्याने चोरी केलेली नसते. काट्यावरचा आकडाही खोटा नसतो. त्या आकड्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला जातो, आणि त्या एका चुकीपायी माणसे आयुष्य लांबवणारी सवय महिन्याभरात टाकून देतात. मधुमेह आणि रक्तदाब घरोघर पोचलेल्या आपल्या भागात ही किरकोळ गोष्ट म्हणता येणार नाही.

बेरीज तपासू या. बसून राहणारा माणूस एकदम रोज चार-पाच किलोमीटर झपाझप चालू लागला की त्याच्या शरीरात दोन-तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. आपले स्नायू कामासाठी लागणारी साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवून ठेवतात. यकृतात शंभरेक ग्रॅम आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम असा हा साठा असतो. काम वाढले की स्नायू कोठार वाढवतात, आणि या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवले जाते. म्हणजे शे-दीडशे ग्रॅम साठा वाढला तरी काट्यावर अर्धा किलो जास्त दिसतो. दुसरी गोष्ट रक्ताची. नियमित व्यायामाच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग वाढू लागतो, कारण वाढलेल्या कामाला पुरेसे रक्त फिरवायचे असते आणि घामाची तजवीजही करायची असते. तिसरी गोष्ट साऱ्यांच्या अनुभवाची. सवय नसलेल्या पोटऱ्या आणि मांड्या पहिल्या आठवड्यात ठणकतात. स्नायूंच्या धाग्यांना बारीकशी इजा झालेली असते, दुरुस्ती चाललेली असते, आणि जिथे दुरुस्ती तिथे सूज, म्हणजे पुन्हा पाणीच. टेकडी चढण्यापेक्षा उतरताना ही इजा जास्त होते. तेव्हा हातलाईवरून तरतरा उतरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काट्यापासून दूर राहिलेले बरे.

हे सगळे पाणी पहिल्या दोन-चार आठवड्यांत भरते. चरबी या काळात कमी होत नाही असे नव्हे, पण ती तोळ्यामाशाने जाते आणि पाणी शेरामापाने येते. काटा दोघांची बेरीज करून एकच आकडा सांगतो.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडावी याचेच मला नवल वाटते. सगळा जिल्हा आज सोयाबीनवर जगतो. मोंढ्यात पोते उतरले की व्यापारी आधी मूठभर दाणे यंत्रात टाकून ओलावा पाहतो. हमीभावाच्या खरेदीला बारा टक्के ओलाव्याची अट होती. २०२४ च्या हंगामात अवेळी पावसाने माल भिजला, ओरड झाली आणि केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली. त्या तीन टक्क्यांसाठी शेतकरी किती भांडला हे आपण पाहिले आहे. ओले सोयाबीन क्विंटलभर भरले म्हणून ते क्विंटलभर सोयाबीन नव्हे, हे ज्याला शाळेत न जाता कळते, तोच गृहस्थ घरच्या काट्यावर उभा राहिला की स्वतःचा ओलावा विसरतो.

माणसाचे वजन ही मुळात स्थिर वस्तू नाहीच. इटलीतल्या पादुआ येथील सान्तोरिओ नावाच्या वैद्याने, तो गॅलिलिओचा समकालीन आणि स्नेही, तराजूला टांगलेली खुर्ची करवून घेतली होती. तिच्यात बसून तो जेवायचा आणि सुमारे तीस वर्षे त्याने स्वतःचे, खाल्ल्या अन्नाचे आणि शरीराबाहेर टाकलेल्या सगळ्याचे वजन केले. १६१४ साली त्याने हे हिशेब पुस्तकरूपाने छापले. त्याला आढळले असे, की खाल्ल्याप्यालेल्या आठ भागांतले जवळजवळ पाच भाग न दिसणाऱ्या वाफेच्या रूपाने उडून जातात. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने खुर्चीत बसून जे शोधले ते आपण विसरलो, कारण आपल्याकडे आता दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दाखवणारी काचेची चपटी यंत्रे आली. पूर्वी माणसाचे वजन व्हायचे ते दवाखान्यात, नाहीतर रेल्वे स्टेशनवरच्या लाल-निळ्या दिव्यांच्या यंत्रावर. त्याच्या तिकिटामागे भविष्यही छापलेले असे आणि दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक होते. आता सकाळी उठल्यावर, चालून आल्यावर, अंघोळीनंतर आणि रात्री पुन्हा एकदा असे चार वेळा वजन करणारे लोक मी पाहिले आहेत. निरोगी माणसाचे वजन दिवसभरात किलो-दीड किलो सहज हलते. रात्री लग्नाच्या पंगतीत खारट, तिखट आणि गोड असे यथेच्छ जेवण झाले की सकाळी काटा चढलेला दिसणारच, कारण मीठ पाण्याला धरून ठेवते. स्त्रियांच्या बाबतीत महिन्याच्या चक्राप्रमाणेही किलो-दोन किलोचा चढउतार होतो, त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

बँकेत बचत खात्याच्या व्याजाचा एक जुना नियम होता. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहील तिच्यावर व्याज. एक दिवस पैसे काढले की महिन्याचे व्याज बुडाले. ग्राहकांवर अन्याय करणारा हा नियम १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने मोडीत काढला आणि रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झाले. स्वतःच्या शरीराला मात्र आपण अजून जुन्याच नियमाने वागवतो. एका सकाळचा वाईट आकडा पाहायचा आणि महिन्याभराची पुण्याई बुडीत खाती टाकायची. वजन करायचेच असेल तर आठवड्यातून एकदा करावे, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर. चार आठवड्यांचे आकडे वहीत लिहून त्यांची सरासरी पुढच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहावी. याहून जास्त हिशेब काट्याकडून मागू नये.

आता जमाखर्च. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सत्तर किलोचा माणूस पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालला तर बसून राहण्यापेक्षा सुमारे दोनशे कॅलरी जास्त खर्च होतात. भागाकार करून पाहा. बाकी काही न बदलता एक किलो उतरायला अडतीस-एकोणचाळीस दिवस लागतात, आणि तेही परतीच्या वाटेवरच्या हॉटेलात थांबले नाही तर. एक प्लेट भजी आणि साखरेचा चहा झाला की त्या दिवसाची जमा तिथेच खर्ची पडली. सकाळच्या फिरण्याच्या मंडळांचे विसर्जन हॉटेलात होते, हा आपल्या सामाजिक जीवनाचा एक दुर्लक्षित भाग आहे. गप्पा रंगतात, वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळते आणि कुणीतरी कुंथलगिरीचे पेढे आणलेले असतात.

चालण्याने वजन झपाट्याने उतरते ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. १९५६ साली जाँ मेयर आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या एका ताग गिरणीतील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओझी वाहणारे हमाल भरपूर खात होते, मध्यम कष्टाचे लोक त्यांच्याहून कमी खात होते आणि दोघांची वजने साधारण सारखी होती. पण गादीवर बसून हिशेब लिहिणारे आणि दुकानात बसणारे लोक मध्यम कष्ट करणाऱ्यांहून जास्त खात होते आणि वजनाने सर्वांत पुढे होते. हालचाल अगदीच थांबली की भुकेचा लगाम सुटतो, असा या अभ्यासाचा रोख आहे. आयुष्य खुर्चीवर गेलेल्या आमच्यासारख्यांना तो झोंबण्यासारखा आहे. दुसऱ्या टोकाला, टांझानियातील हाडझा हे शिकारी लोक रोज मैलोन्‌मैल पायपीट करतात, तरी त्यांचा दिवसभराचा एकूण उष्मांकखर्च, शरीराच्या आकाराचा हिशेब धरला तर, शहरी अमेरिकन माणसाएवढाच भरतो, असे हर्मन पाँट्झर यांनी २०१२ साली दाखवले. शरीर इकडचा खर्च तिकडे कापून ताळेबंद जुळवते. तेव्हा वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटाकडे आहे. चालण्याचे काम निराळे आहे आणि माझ्या मते ते जास्त मोलाचे आहे.

ताटाची गोष्ट निघाली की आपल्याकडे दीक्षित यांचे नाव निघतेच. १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातुरातून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत गावोगाव व्याख्याने देऊन पोचवली. पंचावन्न मिनिटांत जेवण, दिवसातून दोनदाच, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे. २०१८ च्या सुमाराला दीक्षित की दिवेकर या वादाने लग्नाच्या पंगतीही दुभंगल्या होत्या. ऋजुता दिवेकर थोडे थोडे आणि वेळेवर खायला सांगतात, दीक्षित मधल्या वेळी तोंड बंद ठेवायला सांगतात. त्या वादात मला पडायचे नाही. मला दीक्षितांच्या सांगण्यातली एक गोष्ट, जी भक्तमंडळी सोयीस्कर विसरतात, महत्त्वाची वाटते. ते सुरुवातीला आणि मग काही महिन्यांनी रक्त तपासायला सांगतात, त्यात एचबीए१सी असते. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवते. आदल्या रात्री उपास करून तिला फसवता येत नाही. बँकेच्या भाषेत ही खात्याची सरासरी शिल्लक. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता उचलतो. म्हणून काटा जागचा हलला नाही तरी हा आकडा खाली येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो. चालण्याचा पगार या खात्यात जमा होत असतो, आणि आपण पासबुक भलत्याच खात्याचे उघडून बसतो.

वजनाच्या आकड्याने माणसाची पारख होत नाही याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात वजनाचा, म्हणजे बीएमआयचा, आकडा दोघांचा तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. फोटोखाली त्यांनी खेळकरपणे नमूद केले, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार मिटण्याआधी गाठायची धावपळ. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, हा भारतीय माणसाचा घाट याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दाखवून दिला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हाडापेराने आणि मांसाने लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच.

इथे मला १९७२ आठवल्याशिवाय राहत नाही. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया, सुकडी, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी. त्या काळी ‘वाळलास रे’ म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी येई आणि ‘अंगाने भरलास’ हा आशीर्वाद होता. त्या वर्षी पोटात असलेली बाळे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये जी उपासमार झाली, त्या वेळी गर्भात असलेल्या मुलांत पुढे मोठेपणी साखर पचवण्याची ताकद कमी आढळली. मराठवाड्याच्या दुष्काळालाही तोच न्याय लागू पडत असेल हे माझे अनुमान आहे, पण ते ओढूनताणून केलेले नाही. आईच्या पोटात उपास आणि चाळिशीनंतर बेकरी, मोटारसायकल आणि खुर्ची, हा प्रवास एका पिढीत झाला. अशा माणसाला काट्याने ‘तू पासष्ट किलोचा, ठीक आहेस’ असे सांगितले तर तो काटा त्याचा घात करतो आहे. चालायला लागल्यावर ‘तू साडेसहासष्ट झालास’ म्हणून त्याला घरी बसवले तर दुसऱ्यांदा घात.

याहून चांगले माप आपल्या कमरेला होते. करदोटा. सणासुदीला नवा बांधला की वर्षभर तो पोटाचा हिशेब ठेवी. रुतू लागला की बायको ओळखे, सैल झाला की आई. आज पुरुषाच्या कमरेला नव्वद सेंटिमीटर आणि बाईच्या कमरेला ऐंशी ही भारतीयांसाठी धोक्याची रेघ मानतात, ती मोजायला शिंप्याची टेप पुरते. स्नायू वाढून चरबी झडली तर वजन तेवढेच राहून कंबर कमी होते, म्हणून दर महिन्याला बेंबीच्या रेषेत टेप लावावी, श्वास आत न ओढता. श्वास न ओढणे हाच त्यातला अवघड भाग.

एका बाबतीत मात्र वाढलेले वजन हसून सोडू नये. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो, उताणे झोपल्यावर धाप लागते, असे असेल तर ते व्यायामाचे पाणी नव्हे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इन्शुलिनने आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही वजन वाढते. अशांनी डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या बुद्धीने गोळी बंद करू नये. महिना-दीड महिना उलटूनही आकडा आणि टेप दोन्ही चढतच असतील तर ताट तपासावे, थायरॉइड तपासावे.

कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी येणारी माणसे आपण दरवर्षी पाहतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट. पहाटे देवीच्या दारात पोचेपर्यंत पाय सुजून चपला घट्ट झालेल्या असतात, निम्मे तर अनवाणीच असतात. वाटेत कुणी चहा देते, कुणी केळी, कुणी साबुदाण्याची खिचडी. सलग दूर चालले की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, तेव्हा त्या माणसांना घरी गेल्यावर काट्यावर उभे केले तर कित्येकांचे वजन वाढलेलेच निघेल. तिथे कुणी काटा आणत नाही, आणि पुढच्या वर्षी तीच माणसे पुन्हा निघतात.

त्या वाटेवर बायकांची संख्या मोठी असते, रात्रीची वेळ असूनही. एरवी वर्षभर त्याच बायकांना पहाटे एकटीने दोन किलोमीटर चालणे अवघड होते. साडीवर बूट घातले की हसणारे असतात, मोकाट कुत्री असतात, आणि परतल्यावर स्वयंपाक, डबे, पाणी हे सगळे वाट पाहत असते. आधीच एवढे अडथळे ओलांडून बाहेर पडलेल्या बाईला पंधराव्या दिवशी काटा वजन वाढल्याचे सांगतो, आणि घरातले म्हणतात, पाहिलेस ना, उगाच जातेस. मैदानावरून सर्वांत आधी गळतात त्या याच. मार्चपासून आपल्याकडे सात वाजताच ऊन चटका देऊ लागते, त्यामुळे निघायचे तर पाचलाच निघावे लागते. त्या वेळी मुख्य रस्ता सोडला तर बहुतेक गल्ल्यांत अंधार असतो. नगरपालिकांनी निदान मैदानाकडे जाणाऱ्या एका रस्त्यावरचे दिवे उजाडेपर्यंत चालू ठेवायला काय हरकत आहे?